फोटोच्या मागे नावं लिहा

येत्या रविवारी एक काम करा. कपाटातला, लोखंडी पेटीतला, माळ्यावरच्या डब्यातला फोटोंचा गठ्ठा खाली काढा आणि घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाजवळ बसा. एकेक फोटो त्यांच्या हातात द्या. हा कोण? ही कोणाची सून? मागे दिसते ती विहीर कोणाच्या वाडीतली? सांगतील ते फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि आपल्या दमट हवेत शाई पसरते. आजोबा किंवा मावशी थकल्या तर थांबा, पुढच्या रविवारी पुन्हा बसा.

वसई, नालासोपारा, विरार, नायगाव, अर्नाळा, भुईगाव, पारोळ, कुठेही राहत असाल, ही विनंती तुम्हाला आहे. फोटोतली माणसं ओळखणारी पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. ती गेली की फोटो उरेल, पण तो कोणाचा हे सांगणारं कोणी उरणार नाही. मग घर पाडताना, नवीन फ्लॅटमध्ये सामान हलवताना, असा फोटो रद्दीत जातो. ओळख नसलेला फोटो सांभाळायचा कशासाठी, असं घरातल्यांना वाटतं आणि त्यात त्यांचा दोषही नसतो.

आपल्या भागाचे फोटो कमी आहेत असं नाही. डॉ. जे. गर्सन दा कुन्हा यांचं चौल आणि वसईच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक १८७६ साली छायाचित्रांसह निघालं. म्हणजे वसईकडे कॅमेरा वळून जवळजवळ दीडशे वर्षं झाली. तेव्हापासून आजच्या प्री-वेडिंग शूटपर्यंत किल्ल्याच्या कमानी, चर्चच्या ओसाड भिंती आणि दगडांत रुजलेली झाडं यांचे लाखो फोटो निघाले असतील. विरार म्हटलं की लोकलच्या दाराला लटकलेली गर्दी. बाहेरून येणाऱ्याला एवढंच दिसतं. किल्ल्याचं मोल मी कमी करत नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकला त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे. पण किल्ल्याबाहेर जी माणसं वाड्या शिंपत होती, होड्या ओढत होती, मिठागरांत राबत होती, पहाटेच्या गाडीने फुलं आणि भाजी मुंबईला नेत होती, त्यांचे फोटो कोणत्याही ग्रंथात फारसे मिळणार नाहीत. ते तुमच्या कपाटात आहेत.

फोटो लग्नाचा असतो, पण त्यात लग्नाखेरीज बरंच काही आलेलं असतं. मांडवाच्या मागे रहाट दिसतो. बाजूला केळीची बाग, कौलारू घराची ओटी, पायरीवर ठेवलेली घागर. सामवेदी आजीचं लाल लुगडं आणि तिच्या अंगावरचे दागिने. पाचूबंदरच्या फोटोत पोरं हसत उभी आणि त्यांच्या डोक्यामागे बोंबील वाळत घातलेले. घरच्या माणसाला चेहरे दिसतात. गावाला त्या चेहऱ्यांमागचं सगळं हवं आहे. म्हणून फोटो नीट पाहा आणि माणसांच्या नावांबरोबर जागेचं नावही लिहा. साल आठवत नसेल तर आधार धरा : थोरल्याच्या लग्नाआधी की नंतर, घरात वीज आली होती की नाही, सिडको यायच्या आधी की नंतर. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहा.

सिडकोचं नाव मुद्दाम घेतलं. १९९० साली या भागाचं नियोजन सिडकोकडे गेलं. चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या बारा लाखांच्या वर निघाली. १ ऑगस्ट २०१४ पासून आपण पालघर जिल्ह्यात आलो. सगळ्यात मोठी उलथापालथ १९८० ते २०१० या तीस वर्षांत झाली आणि नेमके त्याच काळातले फोटो आज सर्वांत धोक्यात आहेत. हे अनेकांना उलटं वाटेल. पणजोबांचा काळा-पांढरा फोटो जुना, म्हणून तो आधी जाईल असं आपण धरतो. पण काळ्या-पांढऱ्या फोटोतली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. नीट धुतलेला आणि कोरड्या जागी ठेवलेला असा फोटो शंभर वर्षंही टिकतो. रंगीत फोटोतली प्रतिमा रंगद्रव्यांची असते. त्या काळच्या कागदावर निळसर रंग आधी उडतो, म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या लग्नांचे अल्बम आज तांबूस दिसतात. पुढच्या काळातलं तर आणखी कठीण. २००० नंतरच्या लग्नांच्या सीड्या आता चालत नाहीत, मेमरी कार्डं हरवली, बारशाचे फोटो बंद पडलेल्या मोबाईलबरोबर गेले. पणजोबांचा चेहरा घरात आहे आणि मुलाच्या पहिलीच्या वर्गाचा फोटो नाही, अशी घरं मला माहीत आहेत. म्हणून काम रंगीत अल्बमपासून सुरू करा.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. फ्लॅटबेड स्कॅनर असलेलं दुकान जवळ असेल तर उत्तम; तिथे ६०० डीपीआयवर स्कॅन करायला सांगा. नसेल तर मोबाईल पुरतो. खिडकीजवळ, पण थेट ऊन पडत नाही अशा जागी फोटो सपाट ठेवा. फ्लॅश बंद. मोबाईल फोटोला समांतर धरा, चारही कडा येऊ द्या, कडा कापू नका. मग फोटो उलटा करून मागचाही फोटो काढा, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणी लिहिलेले दोन शब्द तिथेच असतात. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेला फोटो ओढून काढू नका, फाटेल. पानासकटच फोटो घ्या. जुन्या फोटोला लॅमिनेशन कधीही करू नका. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. सावलीत, कोरड्या हवेत राहू द्या आणि मऊ ब्रशने झटका. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसून बारीक होतो. प्रती तीन ठेवा : एक घरात, एक नातेवाइकाकडे, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. फाईलला नाव देताना गाव, साल आणि माणसांची नावं मराठीत लिहा.

आता जूचंद्रबद्दल, कारण या विषयात आपल्या तालुक्यात मला सर्वांत जवळचं उदाहरण तेच वाटतं. नायगाव पूर्वेचं, चंडिकादेवीच्या डोंगराजवळचं हे गाव रांगोळीकारांचं गाव म्हणून दूरवर ओळखलं जातं. दिवाळीत तिथे रांगोळीची प्रदर्शनं भरतात. लहानपणापासून चिमटीत रांगोळी धरलेली मुलं मोठी होऊन जमिनीवर माणसाचा चेहरा असा उभा करतात की कपाळावरची आठी आणि डोळ्यातलं पाणी दिसावं. एकेका चित्रासाठी ओणवं बसून, पाठ आणि गुडघे मोडत, तासन् तास काम चालतं. बघायला रांगा लागतात. आणि काही दिवसांनी ते सगळं झाडून टाकलं जातं. या कलेचं मूळ चित्र कोणत्याच संग्रहालयात ठेवता येत नाही. फोटो हाच तिचा एकमेव पुरावा, आणि आपण तो कसा काढतो? चित्रापाशी स्वतः उभं राहून. कोपऱ्यात लिहिलेलं कलाकाराचं नाव कापलं जातं, चित्र तिरकं येतं, पिवळ्या दिव्यात रंग बदलतात. मग तोच फोटो नाव-गाव नसताना राज्यभर फिरतो आणि रांगोळी कोणी काढली हे विचारायला जागा राहत नाही.

यंदा गेलात तर असं करा. आधी संपूर्ण चित्राचा फोटो, चित्राच्या पायथ्याकडून, मोबाईल शक्य तितका उंच आणि सरळ धरून. फ्लॅश नको, रांगोळीच्या कणांवर तो चमकतो आणि छटा मारल्या जातात. मग कलाकाराच्या नावाच्या पट्टीचा वेगळा फोटो. परवानगी घेऊन कलाकाराचा, त्याच्या किंवा तिच्या हातांचा. गावातल्याच कोणी असाल तर काम चालू असताना जा : कच्चं रेखाटन, रंग मिसळणं, चाळणं, पहाटेचा चहा, चुकलेला भाग उचलून पुन्हा भरणं, हे सगळं टिपा. किती बाय किती फुटांची रांगोळी, किती तास लागले, कोणाकडून शिकलात, हे विचारून लिहून ठेवा. दहा वर्षं असं झालं तर जूचंद्रच्या रांगोळीचा इतिहास लिहायला कोणा अभ्यासकाची वाट पाहावी लागणार नाही. कोणाच्या हातून कोण शिकलं हे फोटोंवरूनच कळेल.

नाताळच्या गोठ्यांचंही हेच. पश्चिम पट्ट्यातल्या गावांत तरुण मंडळी रात्री जागून गोठे उभारतात. गवत, माती, थर्माकोल, वायरिंग, देखाव्यातला विषय, सगळं त्यांच्या डोक्यातून येतं. गणपतीचं मखर, दिवाळीचा किल्ला, जत्रेतली आरास, हेही तसंच. ही आपली कला आहे आणि ती कोणा एकाची नसून पाड्याची, आळीची असते. म्हणून ‘अमुक मंडळ’ एवढं लिहून थांबू नका. बांबू कोणी बांधले, रंग कोणी दिला, दिवे कोणी जोडले, सगळ्यांची नावं घ्या.

नाव लिहिण्याचा आग्रह मी का धरतो हे आपल्याच जिल्ह्यातल्या वारली चित्रांवरून सांगतो. लग्नघरात चौक लिहायचा मान पिढ्यान् पिढ्या सुवासिनींचा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला कागदावर आणली, जगभर पोहोचवली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. त्यांचं नाव राहिलं, ही आनंदाची गोष्ट. पण त्यांच्या आधी हजारो भिंती ज्या बायकांनी रंगवल्या त्यांतल्या एकीचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. वसई पूर्वेच्या पाड्यांवर आजही वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबं आहेत. उसगावच्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकात या भागातल्या वेठबिगारांना सोडवलं. त्या काळात मोकळ्या झालेल्या माणसांच्या फोटोखाली ‘आदिवासी मजूर’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. त्यांची मुलं-नातवंडं आज कॉलेजात आहेत. ती नाव सांगू शकतील. तसंच वसईची हिरवाई वाचवण्यासाठी निघालेल्या हरित वसईच्या मोर्च्यांचं. त्यांत पुढे असलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना सगळे ओळखतात. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, जुलै २०२४ मध्ये ते आपल्यातून गेले. पण त्या मोर्च्यांच्या फोटोत त्यांच्या आजूबाजूला चालणाऱ्या बायका कोण? त्यातल्या कित्येक आज घरी आहेत, बोलत्या आहेत. जाऊन विचारा.

आणि हे फक्त जुन्या वसईकरांचं काम नाही. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत, विरारच्या नव्या इमारतींत रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, गिरणगावातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, गुजरातेतून आलेली लाखो माणसं राहतात. त्यांच्यातले बरेच जण म्हणतात, आमचं इथलं काय जुनं? वीस-तीस वर्षंच तर झाली. मी म्हणेन, तुमची ती तीस वर्षं या शहराचा अर्धा इतिहास आहे. इमारत बांधून झाली तेव्हा समोर मिठागर होतं का, रस्ता होता का, टँकरच्या रांगेचा फोटो आहे का, पहिल्या गणपतीचा आहे का? चाळीतल्या पहिल्या खोलीतला, भिंतीवर कॅलेंडर असलेला वाढदिवसाचा फोटो वसईच्या कोणत्याही संग्रहात मानाने बसेल.

आजचे फोटो काढणाऱ्या मुलामुलींसाठी थोडं वेगळं. वर्तक, गोन्सालो गार्सिया, विवा अशा कॉलेजांतली मुलं हातात चांगले कॅमेरे घेऊन किल्ल्यात जातात. जरूर जा. पण एक जागा स्वतःची ठरवा आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच ठिकाणी उभं राहून फोटो घ्या. गावातलं बावखल घ्या. पावसाचं पाणी धरून ठेवणारी, आजूबाजूच्या विहिरी गोड राखणारी ही डबकी नव्हेत, आपल्या पूर्वजांनी राखलेली पाण्याची व्यवस्था आहे. एकदा बुजवलं की पाच-सहा वर्षांत तिथे ते होतं हेही लोक विसरतात. तारीख आणि जागा लिहिलेले दहा वर्षांचे फोटो गावाकडे असले तर ग्रामस्थांना बोलायला आधार राहतो. जुलै २०१८ च्या पुरात मिठागरांतली कुटुंबं अडकली, रूळ पाण्याखाली गेले. तेव्हाचे फोटो हजारो फोनमध्ये असतील. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं हे दिसणारा एक फोटो, पत्त्यासह, पुढच्या माणसाच्या कामाचा आहे. घरातला जुना फोटो जिथून काढला त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढणं, हा तर सर्वांत सोपा आणि सर्वांत बोलका अभ्यास.

परवानगीचं पथ्य पाळा. किल्लाबंदरच्या बाजारात मासे विकणारी बाई कामात आहे. ती देखावा नाही. आधी बोला, मग कॅमेरा काढा, नको म्हणाली तर नमस्कार करून पुढे जा. काढलेला फोटो छापून तिला नेऊन द्या. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. मर्तिकाचे, आजारपणाचे, भांडणाचे घरगुती फोटो सगळ्यांसाठी नसतात. घरातल्या एकाचीही हरकत असेल तर ते बाजूला ठेवा.

हक्काचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, फोटो काढवून घेणाऱ्याकडे असतो. म्हणजे तुमच्या घरच्या लग्नाच्या फोटोची प्रत प्रदर्शनात लावायला सहसा अडचण नाही. पण फोटोग्राफरचं नाव माहीत असेल तर ते लिहायचंच. आणि जुन्या स्टुडिओवाल्यांना हात जोडून सांगतो : दुकान बंद करताना निगेटिव्हची खोकी भंगारात देऊ नका. तुमच्या त्या खोक्यांत आख्ख्या गावाचे चेहरे आहेत. जवळच्या शाळेला, वाचनालयाला, चर्चला, महाविद्यालयाला विचारा. आणि अशा संस्था चालवणाऱ्यांनी एक कोरडं कपाट यासाठी रिकामं करावं.

शेवटी फोटो लावायचे कुठे? दालन नाही म्हणून अडू नका. गोव्यात ‘गोवा फॅमिलिया’ या उपक्रमाने कुटुंबांच्या अल्बममधले फोटो आणि त्यामागच्या गोष्टी गोळा केल्या आणि पणजीत लोकांसमोर मांडल्या. एका घराचा फोटो पाहताना दुसरं घर आपलं नातं ओळखतं, हे त्यातून दिसलं. आपल्याकडे तर माणसं आपणहून जमतात अशा जागा कितीतरी. कार्तिक वद्य एकादशीपासून भरणारी निर्मळची जत्रा आहे, डिसेंबरअखेरचा वसईचा कला-क्रीडा महोत्सव आहे, चर्चचे सण आहेत, गणेशोत्सवाचे मांडव आहेत, सोसायटीची गच्ची आहे. मूळ फोटो लावू नका. प्रती छापा, जरा मोठ्या, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसतील अशा. दोरी बांधून चिमट्यांनी टांगा. प्रत्येक फोटोखाली कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा, वर लिहा : ‘यातलं कोणी ओळखता का?’ ते कागद भरतात, आणि भरताना कधी न बोललेली माणसं एकमेकांशी बोलू लागतात. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी, मुसलमान, आदिवासी, चाळीतले, टॉवरमधले, सगळ्यांचे फोटो एकाच दोरीवर हवेत. वेगवेगळ्या समाजांची वेगवेगळी संमेलनं आपल्याकडे उत्तम होतात. हे एक काम मात्र एकत्र करूया.

पन्नास फोटो जमायची वाट पाहू नका. दहा पुरेत. यंदाच्या जत्रेला किंवा नाताळला तुमच्या आळीतल्या चार घरांना विचारा, दहा प्रती छापून घ्या, दोरी बांधा, आणि त्यावरचा पहिला फोटो तुमच्या घरचा असू द्या.